चोळून झाल्यावर

गेल्या महिन्यात माझी मान धरली आणि सुनेनं मला जालन्याला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. पंचविशीची पोरगी होती. तिनं अर्धा तास माझी मान, खांदे, पाठ दाबली आणि निघताना हातात एक छापील कागद दिला. आज पाणी जास्त प्या. जड काही उचलू नका. उद्या अंग ठणकेल, घाबरू नका. मी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. सुनेला वाटलं मला कळलं नाही, ती समजावून सांगायला लागली. मी म्हणाले, "अगं, तू जन्माला यायच्या आधीपासून हे मला पाठ आहे." ती हसली. तिला काय माहीत, की यातलं एक अक्षरही न सांगता मी एकदा एका बाईला घरी पाठवलं होतं, आणि तेही मुद्दाम. आजवर मी हे कुणाला आपणहून सांगितलेलं नाही. ज्यांना ते तेव्हा कळलं होतं त्यांतल्या आता आम्ही दोघीच उरलोय.

आम्ही हसनाबादचे. माझी माय बायकांचं अंग चोळायची. तिचं नाव गयाबाई, पण गावात कोणी तिला नावानं ओळखायचं नाही. "चोळणारीकडं जाऊन ये" एवढं म्हटलं की बाई बराबर आमच्या दारात यायची. कमरेत उसण भरलेली, मान आखडलेली, कापसाचं ओझं उचलताना खांद्यात लचक भरलेली, बाळंतपणानंतर ओटीपोट जड झालेली, सगळ्या मधल्या खोलीत यायच्या. बाई आली की माझे वडील, आबा, शेतातून आलेले असले तरी पाणी पिऊन पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. चुलीवर करडईचं तेल चढायचं, त्यात ओवा आणि लसणाच्या पाकळ्या पडायच्या. लसूण तडतडायला लागला की माय हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवायची आणि वरून फडकं बांधायची, म्हणजे त्या बाईच्या पाठीला लागू नयेत. मग बराच वेळ फक्त तेलकट तळव्यांचा चपचप आवाज आणि मायचा नाकातला श्वास. चोळताना ती बोलायची नाही. एरवी बोलायला सुरुवात केली की थांबायची नाही, पण कोणाच्या पाठीवर हात ठेवला की एकदम गप. जणू हातानं काहीतरी ऐकत असायची.

ती म्हणायची, "चोळणं हे अर्धं काम हाय. अर्धं नंतरचं." ते नंतरचं काम माझ्याकडं होतं. बाई सैल होऊन पडली की मी तिच्या अंगावर घोंगडी टाकायची, दार लोटायचं, वाऱ्याची झुळूक येऊ द्यायची नाही. तांब्यात कोमट पाणी, ते घोटघोट प्यायला द्यायचं. मग हुलग्याचं पीठ पातळ शिजवलेलं गरम माडगं, वर जिऱ्याची फोडणी. मग सगळं तोंडानं सांगायचं: आज अंगावर पाणी घेऊ नका, ओझं उचलू नका, वाकून झाडू नका, पाटावर फार वेळ बसू नका, उद्या ठणकलं तर घाबरू नका, परवापर्यंत राहिलं तर परत या. मी हे काम अकरा वर्षांची असल्यापासून करत होते, आणि सोळाव्या वर्षी मला त्याचा मनापासून तिटकारा आला होता. बायका उठताना मायच्या पाया पडायच्या. तांब्या भरणारीकडं कोण बघतंय?

मला मायसारखं चोळायचं होतं. तिनं मला शिकवून पाहिलंही होतं. तिची शिकवायची रीत अशी, की घडी घातलेल्या गोधडीखाली एक चिंचोका ठेवायचा आणि डोळे मिटून, तळहात फिरवत तो वरून शोधायचा. मला तो सापडायचा नाही. मी दाबत सुटायची. "तुझे हात घाई करून राह्यलेत," माय म्हणायची. "मोठी झालीस की बघू." मी त्या बघूवर दोन वर्षं काढली.

मग शोभा आली. माझ्या मामाची मुलगी, जांब समर्थची. माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. मामी वारल्यावर मामानं तिला आमच्याकडं आणून सोडलं. "पोरगी तुझ्यापाशी राहू दे गया, दहावी तरी होऊ दे," एवढंच म्हणाला आणि त्याच दिवशी परत गेला. पाठीमागची दोन लहान भावंडं त्यानं स्वतःकडं ठेवली होती. शोभा दारात उभी होती, हातात एक पिशवी, पायात मामीच्या चपला. त्या तिला मोठ्या होत होत्या. मी तिची पिशवी घेतली, तिला पाणी दिलं, माझ्या जागेशेजारी तिचं अंथरूण घातलं. पहिले आठ दिवस मी तिच्याशी फार चांगली वागले. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही, खरंच वागले.

नवव्या दिवशी मायनं तिच्यापुढं गोधडी ठेवली. शोभानं डोळे मिटले, हात टेकवला, आणि लगेच म्हणाली, "आत्या, हितं हाय." माय हसली. पुन्हा लपवला, पुन्हा सापडला. तिसऱ्यांदा मायनं चिंचोका ठेवलाच नाही, आणि शोभा बराच वेळ हात फिरवून म्हणाली, "न्हाई गं आत्या, हितं कायबी न्हाई." मायनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. मी चुलीशी माडगं ढवळत होते. ते बुडाला लागलं, हे मला वास आल्यावर कळलं.

त्या दिवसापासून मला घरातलं सगळं मोजायची सवय लागली. टम्म फुगलेली पहिली भाकरी कोणाच्या ताटात पडते. डोक्याला तेल आधी कोणाच्या. "शोभे" म्हणताना मायचा आवाज कसा होतो आणि "सुमे" म्हणताना कसा. शोभा चोळायला बसली की मायसारखीच गप व्हायची, नाकानं श्वास घ्यायची, आणि ते पाहिलं की माझ्या पोटात ओल्या कपड्याला पीळ घालावा तसं व्हायचं. आई नसलेल्या पोरीवर जळतेय याची मला लाज वाटायची. पण लाजेनं जळणं कमी होत नाही, उलट त्या लाजेचाही राग मी तिच्यावरच काढायची. तिची वही लपवायची. तिच्या भाजीत मीठ जास्त टाकायची. ती एकदाही काही बोलली नाही, आणि मला वाटायचं, बघा, हिला चांगलं म्हणवून घ्यायचंय.

आमच्या शाळेत साळवे बाई होत्या. मराठी शिकवायच्या. एकट्या राहायच्या, आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन. मला त्या फार आवडायच्या. माझा निबंध त्यांनी दोनदा वर्गात वाचून दाखवला होता आणि तेवढ्यावर मी वर्षभर जगत होते. एका रविवारी दुपारी त्या कमरेवर हात धरून, अर्ध्या वाकलेल्या, आमच्या दारात आल्या. वरच्या फळीवरून ट्रंक काढताना उसण भरली होती. मायनं त्यांना पालथं झोपवलं, एकदा कमरेवरून हात फिरवला आणि मागं सरकली. "शोभे, आज तू बस." शोभा घाबरली. "मी? पुरं?" "पुरं. मी हितंच हाय."

मी दाराशी तांब्या घेऊन उभी होते. शोभानं बांगड्या वर चढवल्या, फडकं बांधलं. पाऊण तास लागला. साळवे बाई आधी कण्हत होत्या, मग कण्हणं थांबलं, मग त्यांचा श्वास झोपल्यासारखा लांब झाला. मायनं एकदाही हात लावला नाही. शेवटी फक्त "बराबर" म्हणाली. तेवढ्यात गल्लीतल्या एका बाईनं तिला लेकीच्या बाळाला न्हाऊ घालायला हाक मारली म्हणून ती गेली. शोभा तेलाची फडकी घेऊन विहिरीवर गेली. घरात बाई आणि मी.

मी घोंगडी टाकायला वाकले तेव्हा बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "काय हात आहेत गं शोभाचे. तुझ्या आईपेक्षाही हलके. देवानं दिलेली गोष्ट आहे ही, शिकून येत नाही."

मी घोंगडी टाकली नाही. हातातच धरून उभी राहिले.

"आता उठू का?" बाईंनी थोड्या वेळानं विचारलं.

"उठा की."

त्या उठून बसल्या. "काही पथ्यबिथ्य आहे का? काही सांभाळायचं?"

त्यांनी विचारलं होतं. विसरून गेलं, घाईत राहून गेलं, असलं काही झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं आणि मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "न्हाई बाई. काही न्हाई. बिलकुल मोकळ्या झालात तुम्ही." त्या चपला घालून गेल्या. कोमट पाणी मी मोरीत ओतलं. माडगं चुलीवरच्या गंजात, त्या उंच पातेल्यात, तसंच होतं. ते मी उभ्या उभ्या पिऊन टाकलं, आणि मला आठवतं, ते मला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायका साळवे बाईंना बाजेवर घालून घेऊन आल्या. घरी गेल्यावर अंग हलकं वाटलं म्हणून त्यांनी हापशावरून दोन हंडे पाणी आणलं होतं, अंगाला तेल चिकटतंय म्हणून त्याच गार पाण्यानं आंघोळ केली होती. सकाळी त्यांना कूसही बदलता येईना. पण हे त्या तेव्हा सांगू शकल्या नाहीत. दात एकावर एक दाबून नुसत्या पडल्या होत्या. आणलेल्या बायकाच बोलत होत्या. "कवळ्या पोरीच्या हाती कंबर दिली. चोळणं म्हणजे काय खेळ हाय?" मायनं शोभाला विचारलं, "कुठं दाबलं व्हतंस?" शोभानं बोटानं दाखवलं. "बराबर हाय," माय पुटपुटली. "मंग असं कसं झालं?" आणि मग माझ्याकडं वळली. "सुमे, नंतरचं सगळं केल्तंस?"

"केल्तं."

शोभानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मग पुन्हा खाली पाहायला लागली.

त्या दिवसापासून मधल्या खोलीत शोभा आली की बायका पदर सावरून उठायला लागल्या. मायनंच तिला म्हटलं, "काही दिवस हात लावू नको कुणाला." शोभानं हो म्हटलं. चार दिवसांनी मामा बियाणं न्यायला जालन्याला आला होता, तिथून भेटायला आमच्याकडं आला, तर ही त्याच्यासमोर पिशवी घेऊन उभी. "मला घरी जायचंय." मायनं खूप समजावलं. दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती. शोभा ऐकेना. निघताना ती मायच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "येते सुमे." मला वाटलं होतं मला बरं वाटेल. त्या दिवशी पहिली भाकरी माझ्या ताटात पडली. माय स्वतः जेवली नाही.

साळवे बाई आमच्याकडंच होत्या. एकट्या बाईला त्या खोलीत कोण करणार? माय त्यांना सकाळ-संध्याकाळ शेकायची, तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं. बाकीचं मी करायची. भरवायची, वेणी घालायची, घोंगडी सारखी करायची. बाई माझ्याशी शाळेतल्यासारख्याच बोलायच्या. त्या काहीच विचारत नव्हत्या आणि त्यामुळं मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. आठव्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या तेव्हा हंड्यांची गोष्ट निघाली. माय म्हणाली, "अशी कशी वो बाई तुम्ही? उचलू नका म्हणून पोरीनं सांगितलं व्हतं ना?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात त्यांची वाटी होती.

"सांगितलं असेल," त्या हळू म्हणाल्या. "मीच ऐकलं नसेल."

माय पुरचुंडी तव्यावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाई, आठ दिवस तुम्ही माझ्या घरात हायत. मी उजवी कूस म्हटलं तर तुम्ही उजवीवर, पाणी म्हटलं तर पाणी. सांगितल्यालं ऐकलं न्हाई असं मी एकदा बी पाह्यलं न्हाई."

तिनं मला मारलं नाही. हाकलूनही दिलं नाही. साळवे बाई चालायला लागून आपल्या खोलीवर गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "लुगडं बदलत न्हाई मी, हेच असू दे. चल." आम्ही एसटीनं जालन्याला गेलो, तिथून जांबची गाडी धरली. गाडीत देवळाला निघालेली माणसं होती, हातात नारळ, हार. सगळ्या वाटेत माय एकदाच बोलली, खिडकीबाहेर बघत. "तिला हात शिकवला, कारण तिला उद्या तेवढंच ऱ्हाणार व्हतं. तुला माय हाय, बाप हाय, शाळा हाय. मला वाटलं, तुला एवढं कळत असल." मला कळत होतं. कळण्याचा काही उपयोग झाला नव्हता, हे तिला कसं सांगणार?

मामाचं घर देवळाच्या मागच्या अंगाला. शोभा चुलीपुढं भाकरी थापत होती, दोन्ही लहान भावंडं ताटल्या घेऊन बसली होती. मामा खाटेवर. मायनं मला मध्ये उभं केलं. "बोल." मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, पण सगळं सांगितलं, माडगं प्यायलेलंही. मामा खाली बघत राहिला. शोभाचे हात थांबले नाहीत. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "इहिरीवरून आले तव्हा माडग्याचा गंज रिकामा व्हता, अन् बाईची वाटी कोरडी."

"मंग बोलली का न्हाईस गं?" मायचा आवाज चढला. "सगळ्या बायका तुला बोलत व्हत्या तव्हा?"

शोभानं पहिल्यांदा मान वर केली. "काय बोलू आत्या? तिच्यावर बोलले असते तर तू कोणाचं ऐकलं असतंस? अन् ऐकलं असतंस तरी मंग काय? तुझी पोरगी हाय ती. मी रोज बघत व्हते ना. ती रुसली की तू जेवत न्हाईस. तिला ताप आला की तू सारखी उठून बघतीस. मला नुसतं चांगलं म्हणतीस."

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. ती करपली होती.

मी हे आज लिहितेय तेव्हा मला नातवंडं आहेत, आणि तरी त्या वाक्यापाशी आले की हात थांबतो. वर्षभर मी मायच्या भाकऱ्या मोजत होते. त्याच चुलीशी बसून दुसरी कुणी माझे रुसवे मोजतेय, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. जे तिच्यापाशी आहे म्हणून मी जळत होते ते तिला दोन हातांपुरतंच मिळालं होतं, आणि तिला जे हवं होतं, मायचं ते न जेवणं, सारखं उठून बघणं, ते मी कधी मोजलंच नव्हतं.

मायनं तिला परत चल म्हटलं. ती म्हणाली, "न्हाई आत्या. ह्यांना भाकरी कोण करील?" खरंच होतं ते. ती परीक्षेला बसली ती पुढल्या वर्षी, जांबमधूनच, आणि पुढं अंबडला दवाखान्यात लागली. आजही तिथं म्हाताऱ्या बायका तिच्या दारात येतात असं ऐकते. साळवे बाईंची दोन वर्षांनी बदली झाली. शेवटपर्यंत त्यांनी मला त्या दुपारचं विचारलं नाही, आणि पुन्हा माझा निबंध वर्गात वाचला नाही.

पण त्या दिवशी जांबला अजून एक झालं. जेवणं झाल्यावर मामा बाहेर गेला. माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं डावा खांदा धरला आणि म्हणाली, "शोभे, हे बघ जरा. महिना झाला, वर जात न्हाई." आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो. एवढ्या वर्षांत मायनं स्वतःच्या अंगाला कुणाला हात लावू दिला नव्हता. दिवसाला तीन-तीन बायका चोळून झाल्या की ती उठायची, गार पाण्यानं हात धुवायची आणि पीठ मळायला बसायची. मी तिला कधी "थांब, पड जरा" म्हटलं नव्हतं. ते नंतरचं काम तर माझंच होतं.

शोभानं तेल तापवलं. मायला पालथं झोपवलं, बांगड्या वर चढवल्या. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि गप झाली. माय डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळानं तिचे डोळे भरून वाहायला लागले. दुखण्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी उठले, चुलीवर पाणी ठेवलं, मामाच्या घरात धुंडाळून हुलग्याचं पीठ काढलं. शोभाचं झालं तेव्हा मी घोंगडी टाकली, दार लोटलं. पाणी दिलं. माडगं दिलं. मग मायच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, एकही न गाळता. आज हातानं काही उचलायचं न्हाई. पीठ मळायचं न्हाई. गार पाण्यात हात घालायचा न्हाई. आजची रात हितंच ऱ्हायचं, गाडीत बसायचं न्हाई. उद्या ठणकल, घाबरायचं न्हाई.

"आन?" मायनं विचारलं.

"आन एकदम उठायचं न्हाई. आधी एका कुशीवर व्हायचं, मंग हाताला धरून."

बराच वेळ ती पडून राहिली. मी एका बाजूला होते, शोभा दुसऱ्या बाजूला. दाराच्या फटीतलं ऊन सरकलं तेव्हा माय हलली. कुशीवर व्हायला लागली. मी हात पुढं केला. ती शोभाच्या बाजूला वळली, शोभाचा हात धरला. माझ्या पोटात पुन्हा तसाच पीळ पडला, तेवढाच. मी मागून मायच्या पाठीला हात लावला आणि तिला उठवून बसवलं.